सुभद्राबाईंचं खातं

परवा संध्याकाळी दुकानातून निघताना मी शंभर ग्रॅम भाजके शेंगदाणे कागदात बांधले. बाहेर ओट्यावर माझा धाकटा भाऊ नामा येऊन बसला होता. तो रोजच येतो. आम्ही दोघं शेंगदाणे खातो, फोलपटं फुंकतो, रस्त्यानं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या बघतो आणि फारसं काही बोलत नाही. तर पुडी बांधता बांधता मी सवयीनं गल्ल्याकडे तोंड करून म्हणालो, "हिच्या नावे टाक."

गल्ल्यावर सूनबाई होती. अकोल्याची बी.कॉम. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात तिनं दुकानाच्या वह्या ताब्यात घेतल्या, आणि तेव्हापासून मी माझ्याच दुकानात पाहुण्यासारखा वावरतो. तिचा पेन थांबला.

"कोणाच्या नावे, मामाजी?"

"तुझ्या सासूच्या."

"पण खाणार तर तुम्ही आणि काकाजी."

"हो, पण..."

"आणि घरी खाल्लेलं विक्रीत येतच नाही, मामाजी. ते उचलीत जाते. तुमच्या."

नामा इतका हसला की फोलपट त्याच्या नाकात गेलं. आत बायको काहीतरी कुटत होती, तो आवाज मध्येच बंद पडला. तिचं कुटणं बंद पडलं की समजावं, तिला सगळं ऐकू गेलं आहे. मी पुडी घेऊन ओट्यावर जाऊन बसलो.

हीच चूक मी बावीस वर्षांपूर्वी केली होती. तेव्हा ती शंभर ग्रॅमांची नव्हती, अख्ख्या वर्षाची होती. तिच्यापायी मला वह्यांचं गाठोडं, बायको आणि तीन महिन्यांचं मूल घेऊन वाशीमला विक्रीकराच्या साहेबासमोर उभं राहावं लागलं. दिवस हेच होते, वह्या बदलायचे.

या दिवसांना स्वतःचा एक वास आहे. दिवाळीच्या पाडव्याला पूजलेली नवी वही गादीवर येते आणि जुनी माळ्यावर जाते, त्या दोघींच्या मधल्या आठवड्यात दुकानात तांबड्या कापडाचा, खळीचा आणि कोऱ्या कागदाचा वास भरून राहतो. हिंग, मिरची, रॉकेल या तिघांनाही तो मागे सारतो. बाहेर तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या असतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना निसटलेला कापूस अडकून राहतो, जणू प्रत्येक गाडीकडून त्या झाडांनी आपला वाटा काढून घेतला आहे. सकाळी दौतीतली शाई गारठून घट्ट झालेली असते. आणि नव्या वहीचं पहिलं पान उलटताना जो करकरीत आवाज येतो, त्याची मला आजही भीती वाटते. समोर एवढी मोठी कोरी जागा, आणि वर्षभरात तिथं काय काय येऊन बसणार आहे याचा पत्ता ना वहीला, ना आपल्याला.

माझ्या वडिलांना असली भीती नव्हती. त्यांची वही त्यांच्या डोक्यात होती. किन्हीराजाच्या पंचक्रोशीत कोणी किती मीठ नेलं, किती तेल नेलं, ते त्यांना तोंडपाठ. ते गेले आणि वहीही गेली. मी पंचविशीतला, सातवी पास, अक्षर बरं आणि अक्कल बेताची. लोक येत, म्हणत, "तुह्या बापाले सारं मालूम होतं." मी मान डोलवी. मग कोणीतरी सांगितलं की मालेगावच्या जिनिंगमध्ये एक म्हातारे मुनीम आहेत, त्यांच्याकडून वही शिकून घे.

मुनीमजी जमिनीवर मांडी घालून बसत. गुडघ्यावर वही, कानावर लेखणी, आणि नजर अशी की समोरच्या माणसाची सुद्धा बेरीज मारताहेत असं वाटावं. मी आठ रविवार त्यांच्याकडे गेलो. पहिल्या रविवारी त्यांनी एकच गोष्ट सांगितली आणि दिवसभर तीच घोटून घेतली. "देखो, दुकानातून काही गेलं, तर ते कुठे तरी गेलं ना? हवेत नाही गेलं. किसके पास गया? त्याचं नाव लिहायचं. देणारा एक, घेणारा एक. दोन नावं मिळाल्याशिवाय लेखणी उचलायची नाही."

दुसऱ्या रविवारी ते म्हणाले, "दुकान म्हणजे तू नाही. तू वेगळा, दुकान वेगळं. तू दुकानात भांडवल घातलं ना? मग दुकान तुझं देणं लागतं."

मी बसमधून येताना हेच घोळवत होतो. माझंच दुकान, आणि ते माझं देणं लागतं! घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"दुकान आपलं देणं लागते?"

"हो."

"मंग त्याले म्हणा, एक डाव जेवाले ये घरी. तोंड तरी पाहू."

आठव्या रविवारी मुनीमजींनी मला एका जुन्या वर्षाच्या खतावणीची बेरीज मारायला बसवलं. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. दुपारभर मी आकडे चढवत उतरवत होतो. शेवटी दोन्ही रकमा समोरासमोर आल्या, आणि त्या एकच होत्या. पैशाचाही फरक नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. कुठली कुठली माणसं, कोणी सरकी नेली, कोणी सूत दिलं, कोणी भांडून गेलं, कोणी मधेच मरून गेलं, लिहिणाऱ्यानं कधी तापात लिहिलं असेल, कधी रागात, आणि वर्षाअखेर सगळं येऊन एका रेघेवर उभं राहिलं. देवळात मी पुष्कळदा डोळे मिटले आहेत. पण हात आपोआप जोडले गेले ते त्या दुपारी, त्या बेरजेपुढे. मुनीमजी म्हणाले, "असं होतं पहिल्यांदा. पाणी पी."

नवव्या रविवारी ते मालकानं घरी नेलेल्या मालाचं कसं लिहायचं ते शिकवणार होते. मी गेलो नाही. मला सगळं आलं आहे असं मला वाटलं होतं.

मग घरी जाणाऱ्या मालाचं काय करायचं? दुकानाच्या मागेच घर. मधल्या दारातून रोज काही ना काही आत जायचं. मी मुनीमजींचा नियम लावला. किसके पास गया? बायकोकडे. म्हणून खतावणीत एक पान काढलं, वर ठसठशीत अक्षरात लिहिलं "सौ. सुभद्राबाई", आणि रोज संध्याकाळी तिला मोठ्यानं विचारून उधारीवर विकल्यासारखं सगळं तिच्या नावे टाकू लागलो. मीठ, मोहरी, काडेपेटी सुद्धा. गंमत अशी की तोंडानं मी कधी बायकोचं नाव घेतलेलं नाही, आमच्यात तशी रीतच नव्हती. वहीत मात्र वर्षभर रोज घेत होतो.

ते वर्षही साधं नव्हतं. सुरुवातीलाच राज्य बदललं. इतके दिवस नागपूरकडे तोंड करून बसलेले आम्ही, आम्हाला मुंबईकडे तोंड वळवायला सांगितलं. चैत्रात नाणी बदलली. नये पैसे आले, चकचकीत, हलके, पोरांनी खेळायला आणल्यासारखे. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस. हा वरचा एक पैसा कुठून आला ते सांगताना माझा घसा सुकायचा. तांड्यावरची एक म्हातारी मात्र विचारत बसली नाही. ती एकदम तीन आण्यांचा गूळ घ्यायची नाही. एका आण्याचा घ्यायची, सहा पैसे ठेवायची, ओट्यावरून खाली उतरायची, पुन्हा वर चढायची, पुन्हा एका आण्याचा मागायची. असं तीनदा. अठरा पैशांत काम. जाताना म्हणायची, "तुह्या वहीपक्षा माही बोटं बरी." माझ्या वहीत त्या वर्षी अर्धी पानं आण्यांची आणि अर्धी नव्या पैशांची आहेत. मधला सांधा पाहिला की अजून चालताना ठेच लागल्यासारखं होतं.

आणि त्या वर्षी नामा माझ्याशी बोलत नव्हता. खरं लिहायचं तर मी त्याच्याशी बोलत नव्हतो. वडिलांच्या मागे वाटणी झाली. दुकान मला, वावर त्याला. सगळं शांतपणे झालं आणि वडिलांच्या पितळी तराजूशी येऊन अडलं. मी म्हणालो, तराजू दुकानाचा. तो म्हणाला, तराजू बापाचा, मंग दोघांचा. आवाज चढले. "मंग घे तुह्या वाट्याचं," असं मीच ओरडलो, आणि त्यानं खरंच एक पारडं सोडवलं नि काखेत मारून निघून गेला. दुसरं पारडं मी माळ्यावर फेकलं. बाजारातून लोखंडी तराजू आणला. चार गल्ल्या पलीकडे त्याच्या अंगणात आमच्या बापाच्या पारड्यात कोंबड्या दाणे टिपतात, असं लोक येऊन सांगत, आणि मी मुद्दाम जास्त जोरानं मापं आपटत असे. वैशाखात त्याला नारू झाला, पायातून दोऱ्यासारखा जंत निघू लागला. पाय सुजून तो खाटेला लागला, पेरणीही लोकांनी केली, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी गेलो नाही. तेवढं इथं लिहून ठेवतो, कारण ते माझ्या वहीत कुठं नाही.

दिवाळीच्या आधी विक्रीकराचा इन्स्पेक्टर बसमधून उतरला आणि दुकानात बसून वर्षाच्या वह्या चाळून गेला. महिनाभरानं नोटीस आली.

तेव्हाचं कराचं गणित माझ्या डोक्यात असं होतं की मला नफा फारसा नाही, म्हणजे कर नाही. पण हा कर नफ्यावर नव्हताच, विक्रीवर होता. वर्षाची एकूण विक्री सरकारनं आखलेल्या हद्दीच्या आत असली तर लहान दुकानदार सुटायचा. हद्द ओलांडली तर सरकारात नाव नोंदवायचं, गिऱ्हाइकाकडून कराचा पैसा घ्यायचा आणि तो भरायचा. मी नाव नोंदवलेलं नव्हतं. कोणाकडून कराचा एक पैसा घेतलेला नव्हता. आणि नोटिशीत लिहिलं होतं की माझी विक्री हद्दीच्या वर दोनशे बारा रुपये गेली आहे. म्हणजे वर्षभराचा कर माझ्या पदरचा, वर दंड. तो भरायचा तर दुकानातला माल काढावा लागला असता, आणि माल गेला की किराणा दुकान म्हणजे चार फळ्या आणि एक लोखंडी तराजू. गावात 'सरकारचा चोर' हे नाव मिळालं असतं ते वेगळं.

खाली आणखी एक ओळ होती. "सौ. सुभद्राबाई या गिऱ्हाइकाकडे तीनशे एकेचाळीस रुपये उधारी असून वर्षभरात काहीही वसूल नाही. सदर गिऱ्हाईक समक्ष हजर करावे."

मी नोटीस वाचून दाखवली. बायको बाळाला तेल लावत होती.

"कोन हाय जी ही सुभद्राबाई?"

मी तिच्याकडे बघितलं.

"मी?" ती म्हणाली. "मी गिऱ्हाईक हावो तुमची?"

सकाळच्या पहिल्या बसनं निघालो. थोरली मुलगी शेजारी ठेवली. बायकोच्या मांडीवर बाळ, माझ्या मांडीवर वह्या. दोघांनाही दुपट्यात गुंडाळलेलं. खिडकीतून तुरीची वावरं मागे जात होती आणि मी मनातल्या मनात दोनशे बारा या आकड्याशी झटत होतो.

साहेब पुण्याकडचे होते. बारीक, चष्मा नाकाच्या टोकावर, टेबलावर ताकाचा पेला. बोलणं कोरडं. मी हात जोडून सगळं सांगितलं, की साहेब, ही गिऱ्हाईक नाही, माझी बायको आहे, घरी खाल्लेलं मी अडाणीपणानं तिच्या नावे मांडलं.

"घरी नेलेला माल विक्रीत धरत नाहीत, हे खरं," साहेब म्हणाले. "पण हा माल घरीच गेला कशावरून? उद्या प्रत्येक दुकानदार एकेक उधारीचं गिऱ्हाईक दाखवून म्हणेल, ही माझी बायको."

बायको पदर सावरून म्हणाली, "येवढ्या बायका कोन करीन, सायेब?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी वही पुढं ओढली, सुभद्राबाईंचं पान काढलं आणि बोट ठेवून वाचायला लागले. मी पुष्कळ लोकांना वही वाचताना पाहिलं आहे. लोक रकमेच्या रकान्यावरून खाली घसरतात. हा माणूस रकमा बघतच नव्हता. तो नुसत्या वस्तू वाचत होता.

"पौषात तीळ, गूळ. बरोबर. फाल्गुनात उडदाची डाळ, पापडखार. पापड घरीच केले?"

"हो जी."

"ज्येष्ठात बाई पंधरा दिवस माहेरी गेल्या होत्या."

आम्ही दोघं दचकलो. "भावाचं लगन होतं," ती म्हणाली. "पन तुमाले कसं समजलं?"

"पंधरा दिवस तेल नाही, डाळ नाही, मीठ नाही. रोज फुटाणे, मुरमुरे, गूळ आणि बिडीबंडल."

बायकोनं माझ्याकडे सावकाश मान वळवली. "मी माहेरी, आन् फुटाने माह्या नावावर?"

मी छताकडे बघितलं. साहेबांचं बोट पुढे सरकलं. "भाद्रपदात डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशोपा." त्यांनी चष्म्यावरून तिच्या मांडीकडे पाहिलं. "हाच का?"

"हाच."

"मुलगा?"

"हो जी."

साहेब पानाकडे बघत राहिले आणि मी साहेबांकडे. माझ्या अंगावर पुन्हा तोच काटा आला, आठव्या रविवारचा. या माणसानं आमचं घर पाहिलेलं नव्हतं. पण त्या एका पानात आमची संक्रांत होती, पापड वाळलेली दुपार होती, तिची वाट बघत मी अंधारात चावलेले फुटाणे होते, आणि माझा मुलगा ज्या दिवशी जगात आला तो दिवस पावशेर डिंकाच्या रूपात बसला होता. सगळं माझ्याच अक्षरात. मीच लिहिलं आणि मला एकदाही वाचता आलं नव्हतं. मी आपला शेवटी बेरीज मारून मोकळा होत होतो.

मग साहेबांचं बोट थांबलं.

"हे सोमवारचं काय आहे? वैशाखापासून दर सोमवारी पायलीभर डाळ, तांदूळ, शेरभर तेल, गूळ. माहेरचे दोन सोडले तर एकही सोमवार सुटलेला नाही. माहेरी जाण्याच्या आदल्या सोमवारी एकदम तिप्पट. बाळंतपणात सुद्धा आहेच. घरात माणसं किती?"

"दोघं आणि एक चार वर्षांची पोर," मी म्हणालो.

"आठवड्याला एवढी डाळ खातात?"

सोमवारी मी माल आणायला मालेगावला जात असे आणि दुकान ती बघे. रात्री मी विचारी, "काय नेलं?" ती सांगे, मी लिही. ही डाळ मला कधी खटकली नाही असं नाही. "साहेब," मी म्हणालो, "ही दोन जिवांची होती. मला वाटलं, भूक वाढली असेल."

"एवढी?" साहेब म्हणाले. त्यांनी सोमवारच्या सगळ्या रकमा वेगळ्या काढल्या आणि कागद माझ्याकडे फिरवला. सोमवारचे एकशे चाळीस. ते सोडून सुभद्राबाईंच्या खात्यावर उरले दोनशे एक. "हे दोनशे एक घरखर्चाचे, मला पटतं. विक्रीतून वजा करतो. पण तुम्ही हद्दीच्या वर दोनशे बारा होता. अजून अकरा रुपये वरच राहता. सोमवारचा माल घरी गेलेला नाही. तो कोणाला विकला?"

अकरा रुपये. सगळं दुकान त्या अकरा रुपयांच्या टोकाला लटकलेलं. मला खरंच काही माहीत नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. तिनं बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"इकला नाई, सायेब. देल्ला."

"कोणाला?"

"माह्या दिराले. पायाले नारू झाला त्याच्या. चार लेकरं हायेत घरात."

साहेबांनी वैशाखातलं पहिलं पान पुन्हा काढलं. पहिल्या सोमवारच्या नोंदीवर बोट ठेवलं. तिथं डाळीच्या आधी लिहिलं होतं: हिंग, पट्टीचं कापड. नारू झालेल्या पायावर तेव्हा हिंगच बांधत.

"पैसे घेतले?"

"दिराच्या लेकराईकडून पैसे घेऊ काय?"

"त्यांनी मागितलं होतं?"

"थे कायचे मागते! याईचेच भाऊ व्हय थे."

"बाळंतपणात कोण नेत होतं?"

"सुईन. मालिश करून जातानी पदराखाली न्यायची." मग ती पहिल्यांदाच खाली बघून म्हणाली, "लपून नाई केलं, सायेब. याईनं इचारलं, काय नेलं. मी सांगतलं. कुठं नेलं, थे इचारलंच नाई कधी."

टेबलावरच्या ताकात माशी पडली होती, तिच्याकडे मी बघत राहिलो. दुसरीकडे कुठं बघायची सोय नव्हती. देणारा एक, घेणारा एक. दोन नावं मिळाल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. वीस सोमवार मी लेखणी उचलली होती, आणि घेणाऱ्याचं नाव माझ्या सख्ख्या भावाचं होतं.

साहेबांनी तांबडी शाई घेतली. सुभद्राबाईंच्या पानावर कोपऱ्यातून कोपऱ्यात एक रेघ ओढली. तीनशे एकेचाळीस विक्रीतून कमी केले. मी हद्दीच्या आत एकशे एकोणतीस रुपये आलो. "कर नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी ओलांडाल. आधीच नाव नोंदवा, आणि कराचा पैसा वेगळ्या डब्यात ठेवा. तो तुमचा नसतो, फक्त तुमच्या हातातून जातो."

"हो साहेब."

"आणि घरी नेता त्याचं नवीन खातं उघडा. उचल. मालकाच्या नावे. बाई काय नेतात, कुठं नेतात, ते सगळं तुमच्या नावे पडलं पाहिजे. सोमवारचं सुद्धा."

आम्ही बाहेर आलो. बसला अवकाश होता. स्टँडवर मी तिला चहा दिला, स्वतःला दिला. ऊन कोवळं होतं, समोर कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि वाऱ्यावर पांढरे तंतू तरंगत होते. एक येऊन बाळाच्या टोपीला चिकटला. दुकान वाचलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला त्या म्हाताऱ्या मुनीमजींच्या आठ रविवारांहून मोठा धडा शिकून आल्यासारखं वाटत होतं, आणि तो शिकवणारी चहा बशीत ओतून फुंकत बसली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "चला, तुझं खातं फिटलं. आता तुझ्या नावे काही नाही."

तिनं बशी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

"सायेबानं डाळ तुमच्या नावावर टाकली ना? मंग येत्या सोमवारी तुमीच नेऊन द्या. पिशवी नोका शोधत बसू. माळ्यावर थे एकटं पारडं पडलं हाय, त्याच्यात न्या."